सरांबद्दल थोडंसं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "त्या सरांनी तुला शिकवलं तरी काय गं? कायम तर 'सर काही सांगतच नाहीत' म्हणून कुरकुरायचीस." त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मला बोलायचंय, म्हणून तेच आठवत बसलेय.

खरंच सांगायचे नाहीत. पहिल्यांदा गॅमा किरणांचा डिटेक्टर हाती दिला तेव्हा म्हणाले, "समोर काहीही न ठेवता रात्रभर मोज." सकाळी पाहते तर आलेखात 1460 केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं माप) इथे ठसठशीत शिखर. समोर स्रोतच नाही, मग हे आलं कुठून? सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद निरखला. "कोणाचं आहे, शोध," एवढंच. मग मी शिशाच्या विटा रचत सुटले. दिसायला एवढीशी वीट, उचलताना कंबर धरते! विटा रचल्या की शिखर खचायचं, काढल्या की परत वर. म्हणजे येतंय बाहेरून. शेवटी सापडलं: भिंतींच्या काँक्रीटमधलं किरणोत्सर्गी पोटॅशियम-40. ते आपल्या अंगातही असतं. सेकंदाला त्याचे सुमारे 4000 अणू विघटन पावतात. (आई, घाबरू नकोस, जन्मापासून चाललंय.) सरांना हे पाहताक्षणीच कळलं असणार. तरी गप्प!

त्यांचं दैवत म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड. 1909 साली मँचेस्टरला त्यांनी आपला सहकारी गायगर याच्या हाताखालच्या विशीतल्या मार्सडेन या विद्यार्थ्याला बघायला सांगितलं, की अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून सुटणारे वेगवान कण) धातूच्या पत्र्यावरून मागे उलटतात का. तशी फारशी आशा नव्हतीच. अंधारात डोळे सरावेपर्यंत बसायचं, मग कण आदळून पडद्यावर उठणाऱ्या ठिणग्या मोजायच्या. 8000त एखादा कण उलटा फिरला, आणि त्यातूनच 1911मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना पुढे आली. सर कौतुक करायचे ते मार्सडेनचं. पण मला वाटतं, रदरफोर्डना निदान उत्तर ठाऊक नव्हतं. सरांना असायचं, आणि ते गिळून बसणं जास्त अवघड.

बाबा, तुम्ही माझं गणित माझ्याआधी सोडवून मोकळे व्हायचात. मी तुमच्यावरच गेलेय. विद्यार्थ्याने आलेख पुढे केला की उत्तर जिभेवर येतंच.

भाषण लिहून झालं की फोनवर वाचून दाखवते. पूर्ण ऐकून घ्या, मध्येच दुरुस्त्या सुचवायच्या नाहीत!

तुमची,
लेक