अंबाजोगाईच्या आक्कांना, ओंटारिओहून

तीर्थस्वरूप आक्का यांस साष्टांग नमस्कार.

हे पत्र सर्वांना वाचता येईल असे मुद्दाम लिहीत आहे. तुमच्याकडून गोधड्या शिवून नेणाऱ्यांना तुमच्या हातचे काम ठाऊक आहे. परदेशी निघालेल्या एका घराची आवराआवर तुम्ही कशी मार्गी लावलीत, ते मात्र ठाऊक नाही. नाव लिहू नये असे तुम्ही बजावले आहे, ते पाळते.

यजमानांची बदली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाली, तेव्हा माझ्याकडे अर्धवट कामे कपाटभर होती. आजीच्या इरकली लुगड्यांची वाकळ थरांवर थर चढवून निम्मी शिवलेली, यजमानांच्या जुन्या शर्टांचे लॉग केबिन पद्धतीचे, म्हणजे मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या जोडत केलेले चौकोन एकमेकांना जोडायचे राहिलेले आणि भाचीच्या बाळाचे दुपटे नुसते टाचलेले. आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा होत्या आणि त्यांतच भांडी, मुलांची पुस्तके, थंडीचे कपडे बसवायचे होते. एकीकडे दाखल्यांच्या प्रती, गॅसची जोडणी परत करणे, घरमालकांशी हिशेब, हे सारे चालू असताना शिवणाचा विचार करायला कोणालाच सवड नव्हती, आणि सगळे वाटून टाकावे असे घरात जवळजवळ ठरलेही होते.

त्या दुपारी तुम्ही खालून वर आमच्या मजल्यावर आलात, वाकळ हातात तोलून पाहिलीत आणि म्हणालात, "कशाला एवढं वझं न्यायलीस? वरचं कापड ने. आतलं तिथं कुठंबी भेटतंय." मग तुम्ही आणि तुमच्या सूनबाईंनी अंगणात सतरंजी टाकून वाकळीचे टाके उसवले, आतली धोतरे आणि विरलेल्या साड्या बाजूला काढल्या आणि इरकलीचा वरचा पदर व अस्तर यांची घडी माझ्या हाती दिली. जुने टाके कुठून गेले होते, तेही तुम्ही कच्च्या पांढऱ्या दोऱ्याने खुणावून ठेवलेत. दुपटे स्वतः पुरे करून परळीला पोचते केलेत. मजुरी घेतली नाहीत. उरलेली धोतरे तेवढी ठेवून घेतलीत. गोधडीला आठ-आठ दिवस खपणाऱ्या बाईशी शंभर-पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे लोक मी तुमच्या ओट्यावर पाहिले आहेत, म्हणून ही गोष्ट इथे नोंदवते.

शिवणयंत्राचा प्रश्नही तुम्हीच सोडवलात. माझ्या यंत्राची मोटर आपल्याकडच्या २३० व्होल्टची, कॅनडात घरगुती वीज १२० व्होल्टची. मध्ये ट्रान्सफॉर्मर न्यायचा म्हणजे पुन्हा वजन. यंत्र तुमच्या नातीकडे राहिले आणि निघण्यापूर्वीच्या संध्याकाळी तुम्ही मला हाताच्या शिवणाची तुमची रीत शिकवलीत. मी आजवर जे क्विल्टिंग शिकले होते, त्यात वरचे कापड, मधला थर आणि अस्तर हे तिन्ही थर आधी टाचून, मधोमध सुरुवात करून बाहेर जायचे असते, म्हणजे सुरकुत्या कडेला सरकतात. हाताने शिवताना त्यासाठी बहुधा कापड ताणून धरणारे गोल कडे लागते. तुमची रीत नेमकी उलटी. आधी चारही कडा आत मुडपायच्या, धावदोरा कडेने फिरवायचा आणि चौकटीच्या आत चौकट घालत मध्याकडे यायचे. डाव्या हाताने पुढचे कापड सपाट करत राहायचे, की ते कडे लागत नाही. ज्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिला, तिथे कापडाशी एवढी सलगी असावी, यात मला नवल वाटत नाही.

इथे आल्यावर तुमच्या सल्ल्याचा अर्थ अधिक कळला. बाहेर बर्फ असले तरी घर यंत्राने उबदार ठेवलेले असते, त्यामुळे आपल्याकडच्या जाड वाकळीत रात्री घाम फुटला असता. आत एकच पातळ सुती थर घातला आहे. तो थर आधी धुऊन, आटवून घेतला, कारण इथे कपडे वाळवण्याच्या गरम यंत्रात टाकतात आणि सुती कापड त्यात आटते. दसरा काढताना विहिरीवर गोधड्या आपटून धुणाऱ्या तुम्हाला हे यंत्र मुळीच पटणार नाही. शर्टांचे चौकोन अजून पाकिटातच आहेत; मुलांची शाळा, बँक, बसचे मार्ग यांत दिवस जातो आणि सुई हातात येते ती रात्रीची भांडी आवरल्यावर. इरकलीचे काम मात्र तीन चौकटी आत आले आहे.

आता एक विचारायचे आहे. लाल काठ जिथे विरला आहे, तिथे ठिगळ वरून लावू की आतून? सूनबाईंच्या फोनवर छायाचित्र पाठवले आहे. तुम्ही सांगाल तसे करीन; तोवर ती बाजू तशीच ठेवली आहे.

तुमची ऋणी,
वरच्या मजल्यावरची