सम-विषमचे फलक तरी दिसू द्या

महोदय,

सम-विषम पार्किंगचा नियम अवघड नाही. 'पी-१' फलकाच्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, 'पी-२'च्या बाजूला सम तारखेला. गफलत होते ती महिनाअखेरीस. ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, त्यामुळे बाजू बदलत नाही. सवयीने पलीकडे लावलेली गाडी मात्र क्रेन उचलून नेते. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या पाहुण्याला तर फांद्यांआडचा फलकच दिसत नाही.

चौकाचे निराळेच. २०१७ च्या वाहनचालन नियमावलीनुसार चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत पार्किंगला मनाई आहे. राजारामपुरीत गल्ल्याच इतक्या लागून आहेत, की हा नियम अक्षरशः लावला तर मुख्य रस्त्यावर मोपेडही उभी करता येणार नाही! म्हणून कुठे चालेल, ते महापालिकेने पांढरे पट्टे मारूनच दाखवावे.

दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडल्यास १५००. टोइंगचे पैसे वेगळे. ई-चलनातला फोटो नीट पाहावा. गाडी आपली नसेल किंवा जागा चुकीची असेल, तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवता येते. वाहतूक शाखेने फोटोत फलकही यावा, एवढी काळजी घेतली तर निम्मे वाद तिथेच मिटतील.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर