पर्किन्सबाई, चाळणीच्या भोकांबद्दल

प्रति,
माननीय फ्रान्सिस पर्किन्स,
माजी मजूरमंत्री, अमेरिका

पर्किन्सबाई,

तुम्ही 1965 साली गेलात, तेव्हा हे पत्र पोचण्याचा प्रश्नच नाही. तरी लिहिते. आणि ‘बाई’ म्हणते त्याचा राग मानू नका. आमच्याकडे शाळेत शिकवणारीलाही बाई म्हणतात आणि धुणीभांडी करणारीलाही बाईच. माझी आई दुसऱ्या प्रकारातली. चार घरं होती तिची.

तुमचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते ट्रँगल कारखान्याच्या आगीसंदर्भात. 25 मार्च 1911, न्यूयॉर्क, शनिवारची दुपार. तुम्ही जवळच चहाला गेला होतात, गलका ऐकून धावत आलात. आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या पोरी, नवव्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप, आणि बंबाची शिडी जेमतेम सहाव्यापर्यंत. तुम्ही खाली उभ्या राहून त्या पोरींना उड्या टाकताना पाहिलंत. 146 जीव गेले.

बावीस वर्षांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मंत्रिपद देऊ केलं तेव्हा तुम्ही यादीच पुढे केलीत: किमान वेतन, कामाचे तास, बेकारीचा विमा, म्हातारपणाचा विमा, बालमजुरीवर बंदी. हे मान्य असेल तर येते, नाहीतर नको. मंत्रिपदासाठी लाळ गाळणारे आम्ही रोज बघतो, म्हणून हे दोनदा वाचलं. मार्च 1933 मध्ये तुम्ही अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री झालात. महामंदीच्या त्या काळात तिथे दर चार कामगारांमागे एक बेकार होता.

विम्याचा कायदा कोर्टात टिकेल कशाच्या आधारावर, ही तुमची मोठी चिंता होती. एका चहापानात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टोन तुमच्या कानात कुजबुजले: कर लावण्याचा अधिकार, बाई, कर लावण्याचा अधिकार! (चहाच्या निमंत्रणांनी तुमचं आयुष्य बरंच घडवलेलं दिसतं.) 1934 च्या नाताळाच्या सुमारास या कायद्याचा मसुदा करणाऱ्या तुमच्या समितीतल्या पुरुषांचं एकमत होईना, तेव्हा तुम्ही त्यांना घरी बोलावून टेबलावर स्कॉचची बाटली ठेवलीत आणि निर्णय झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही असं बजावलंत. हा प्रसंग मी आईला सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली होती.

पुढचं मात्र तिला सांगवलं नाही.

तुमच्या समितीच्या मूळ मसुद्यात म्हातारपणाच्या विम्यात शेतमजूर होते, घरकाम करणाऱ्या बायाही होत्या. फेब्रुवारी 1935 मध्ये अर्थमंत्री मॉर्गनथाऊ संसदेच्या समितीपुढे म्हणाले, यांना वगळा, घरोघर आणि शेतोशेत फिरून कर कोण गोळा करणार? म्हणजे ज्या कराच्या आधारावर कायदा उभा केला, तोच कर या बायांना उंबऱ्याबाहेर ठेवायला कामी आला. महत्त्वाच्या समित्या दक्षिणेकडच्या खासदारांच्या हातात होत्या. आपल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या हातात वॉशिंग्टनचा पैसा जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. खरं कारण कोणतं, कराची कटकट की वर्णद्वेष, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला विचाराल तर दोन्ही कारणं एकमेकांच्या सोयीची होती. कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील चार्ल्स ह्यूस्टन यांनी तेव्हाच साक्षीत सांगितलं होतं की ही चाळणी आहे, आणि तिची भोकं बहुसंख्य कृष्णवर्णीय गळून जातील एवढीच मोठी ठेवली आहेत. 14 ऑगस्ट 1935 ला सही झाली. चाळणी तशीच राहिली.

त्याच वर्षी कार्यकर्त्या एला बेकर आणि पत्रकार मार्व्हल कुक या दोघी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर जाऊन आल्या. ऊन असो, पाऊस असो, तिथे कृष्णवर्णीय बाया कामाची वाट बघत थांबायच्या. प्रत्येकीच्या हातात कागदात गुंडाळलेलं एक पुडकं. आसपासच्या घरांतल्या मालकिणी यायच्या, भाव करायच्या आणि कुणाला तासाभरासाठी, कुणाला दिवसभरासाठी घेऊन जायच्या. तासाला पंधरा, वीस सेंट, नशीब फारच जोरावर असेल तर तीस. आमच्याकडे याला मजूर अड्डा म्हणतात. तुमची मंदी दूरची वाटत होती मला, ती या पुडक्यापाशी एकदम ओळखीची झाली. आईच्या पिशवीतही एक जुनी साडी असायची, कामाला नेसायची.

1938 चा किमान वेतनाचा कायदाही तुमच्याच यादीतला. तासाला 25 सेंट. त्यातही घरकामवाल्या नव्हत्या.

मग युद्ध आलं आणि कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. (1942 मध्ये आमचे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळू लागले. तुम्ही दोघंही कोलंबिया विद्यापीठाचे. तुम्ही 1910 मध्ये एम. ए. झालात, ते 1913 मध्ये तिथे पोचले.) कमावत्या कृष्णवर्णीय बायांपैकी 1940 मध्ये साठेक टक्के परक्या घरांत राबत होत्या. 1944 मध्ये पंचेचाळीसच्या आसपास उरल्या. लॉस एंजेलिसच्या विमान कारखान्यात काम केलेल्या एकीनं पुढे आठवण सांगितली की तिची बहीण म्हणायची, गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातून आम्हाला बाहेर काढलं ते हिटलरनं. हे वाक्य तुमच्या कानावर घालावं म्हणूनच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

अर्धा कायदा पदरात पाडून घेतलात हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. ताणून धरलं असतंत तर काहीच मिळालं नसतं, हे मलाही दिसतं. पण राहिलेल्या अर्ध्यासाठी थांबायचं कुणी, हे ठरलं तेव्हा त्या खोलीत ब्राँक्सच्या कोपऱ्यावरची एकही बाई नव्हती.

1950 च्या दुरुस्तीनं घरकामवाल्या विम्यात आल्या. अट एवढीच, की तीन महिन्यांत एकाच घरी निदान 24 दिवस काम झालेलं हवं आणि त्या घरून 50 डॉलर रोख मिळालेले हवेत. कोपऱ्यावर उभं राहणारीचं घर रोज वेगळं. तिचे 24 दिवस कुठल्या घरी भरायचे?

आईच्या चारही घरी एकच उत्तर असायचं: आमच्याकडे तर फक्त भांडीच असतात.

तुमची,
एका बाईची मुलगी
पुणे