बहिणीचा हिस्सा आणि जावामधील अर्ध्या हेक्टरचे शेतकरी

संपादक महोदय,

खान्देशात वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे लागतात आणि पुढे बहुतेक घरांतील बहिणींची नावे हक्कसोडपत्राने कमी होतात, हे महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला नवे नाही. त्यासाठी जे कारण सांगितले जाते तेही ठरलेले आहे: शेत आधीच थोडे, त्यात बहिणींचे वाटे पाडले तर तुकडे होतील आणि ते कुणालाच पुरणार नाहीत. माझी भाची इंडोनेशियातील जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहरात नोकरीला असल्याने तिच्या ओळखीने जवळच्या क्लाटेन जिल्ह्यातील एका भातशेतीच्या गावात काही दिवस राहण्याचा योग आला, आणि तुकड्यांच्या या कारणात कितपत दम आहे याचा विचार तिथे नव्याने करावा लागला.

जावा बेटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी आहे, पण तिथे पंधरा कोटींहून अधिक माणसे राहतात. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन कसणाऱ्याला तिथे ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात आणि जावातील बहुसंख्य शेतकरी याच वर्गात मोडतात. आपल्याकडे सव्वा एकरवाल्याला शेतकरी म्हणताना लोक हसतील. ज्वालामुखीची माती आणि बारमाही पाणी असल्याने त्या खाचरांतून वर्षाला दोन, काही ठिकाणी तीन वेळा भात निघतो हे खरे, तरीही वाटण्या करायच्या म्हटल्या तर तिथल्या भावांना तुकड्यांची सबब आपल्यापेक्षा अधिक शोभली असती. प्रत्यक्षात जावाच्या रूढीत मुलींना जमिनीत हिस्सा मिळतो. अनेक कुटुंबांत तो मुलाच्या बरोबरीचा असतो, तर काही घरांत इस्लामी वारसा नियमाप्रमाणे मुलाला दोन आणि मुलीला एक असे वाटे होतात.

मग तुकड्यांचे काय करतात? इंडोनेशियात १९९१ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने मुस्लिम कौटुंबिक कायद्याची एक संहिता लागू झाली. तिच्या १८९व्या कलमात म्हटले आहे की, वारसाने आलेली शेतजमीन दोन हेक्टरांपेक्षा कमी असेल तर ती अखंड राखावी आणि सर्व वारसांच्या हितासाठी वापरावी; एखाद्या वारसाला पैशांची गरज असल्यामुळे ते शक्य नसेल, तर इतर वारसांपैकी एकाने किंवा अनेकांनी त्याच्या हिश्श्याची किंमत चुकती करून जमीन आपल्याकडे घ्यावी. म्हणजे शेत एकसंध राहते आणि हिस्सा बुडत नाही. त्याच संहितेचे १८३वे कलम वारसांना आपसांत समजुतीने वाटणी करण्याची मुभा देते, मात्र प्रत्येकाला आपला हिस्सा किती हे कळल्यानंतरच. महसूल खात्याच्या माणसाला ही अट वाचून थोडे खजील व्हायला होते. आपल्या दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा किंवा सही करणाऱ्या बहिणींपैकी कितीजणींना आपण किती आर सोडत आहोत आणि त्याची आज किंमत काय, हे कुणी समजावून सांगितलेले असते?

कुणी म्हणेल की लग्न होऊन दूर गेलेली मुलगी शेत कसणार कसे. आपल्याकडे मुलगी साक्रीहून जामनेरला जाते. जावात नवरा-बायको दोघांपैकी कुणाच्याही गावी घर करू शकतात, पुष्कळदा सुरुवातीची वर्षे बायकोच्या माहेरीच काढतात, हा फरक मोठा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण जाकार्ता, सुराबाया अशा शहरांत कामाला गेलेली जावाची लाखो मुले-मुली रमजान ईदेलाच काय ती गावी परततात. त्या दिवसांत आगगाड्या, बसगाड्या आणि मोटारसायकलींनी रस्ते तुंबून जातात. वर्षातले बाकीचे महिने त्यांच्या हिश्श्याचे खाचर गावातला भाऊ, बहीण किंवा शेजारी ‘मारो’ने कसतो, म्हणजे निम्मे पीक मालकाला आणि निम्मे कसणाऱ्याला अशा आपल्या निमबटाईनेच. निमबटाई आपल्याला परकी नाही. नोकरीसाठी सुरतेला गेलेल्या भावाचे शेत आपण बिनतक्रार बटाईने करतो आणि हंगामाला त्याचा वाटा पोहोचवतो. अंतराची अडचण नेमकी बहिणीच्या वेळीच आठवते.

तिथल्या बाईचा व्यवहारातला वावरही लक्षात राहण्याजोगा वाटला. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन अशा पाच दिवसांच्या चक्राने आसपासच्या गावांचे बाजार पाळीपाळीने भरतात. पहाटे भाजीच्या टोपल्या घेऊन पिकअपमध्ये किंवा स्कूटरवर निघालेल्या, घासाघीस करणाऱ्या आणि पैसे मोजून घेणाऱ्या बहुतांशी बायकाच असतात, अगदी साठीच्या आजीबाईसुद्धा स्कूटर सहज चालवतात. आपल्याकडे कापूस वेचते बाई आणि व्यापाऱ्याकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, घेतो बाप्या, हे चित्र अजून फारसे बदललेले नाही. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची, असे त्यांच्या १९७४ च्या विवाह कायद्याचे ३५वे कलम सांगते आणि माहेरून आणलेली किंवा वारसाने मिळालेली मालमत्ता ज्याची त्याच्याकडे राहते. अर्थात तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. जमिनीच्या प्रमाणपत्रावर बहुधा नवऱ्याचेच नाव असते, भावंडांचे खटले तिथल्या धार्मिक न्यायालयांत चालतात, आणि ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा मजुरांना यातल्या कुठल्याच कलमाचा उपयोग नाही.

गंमत अशी की कागदावर आपला कायदा त्यांच्यापेक्षा पुढे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मसिद्ध आहे आणि त्यासाठी कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हिस्सा विकायचा झाल्यास इतर वारसांना तो आधी घेण्याचा अधिकार देणारे २२वे कलम हिंदू वारसा कायद्यात १९५६ पासून आहे आणि ते शेतजमिनीलाही लागू होते, असा निर्णय २०१९ मध्ये झाला आहे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्तीचे परिपत्रक काढले होते. तरीही आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या बहिणीला झोका आणि पुरणपोळी मिळते आणि परतताना ‘कागदावर सही करून जा, बाई’ असे सांगितले जाते. नाही म्हटले तर माहेर तुटेल, ही भीती तिला कुणी बोलून दाखवावी लागत नाही. साडीचोळीच्या मोबदल्यात लाखोंची जमीन सोडली जाते आणि भाऊबंद त्यालाच माया म्हणतात.

माझी सूचना मर्यादित आहे. हक्कसोडपत्र रद्द करा असे मी म्हणत नाही, कारण स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात. परंतु नोंदणीपूर्वी त्या दस्तात बहिणीच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत लिहिणे सक्तीचे करावे, ते वाचून दाखवल्याची नोंद निबंधकाने तिच्याशी भावाच्या गैरहजेरीत बोलून करावी आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावांचा बदल, मंजूर करताना मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद तपासावी. जो भाऊ हिश्श्याची किंमत द्यायला तयार आहे पण एकरकमी देऊ शकत नाही, त्याला पीककर्जाप्रमाणे हप्त्यांचे कर्ज देण्याची योजना जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या सहकारी बँकांना आखता येईल. शेत भावाकडेच राहील आणि बहिणीला तिचे पैसे मिळतील. पहिल्या तीन गोष्टींसाठी विधानसभेत नवा कायदा आणावा लागेल असे मला वाटत नाही. नोंदणी आणि महसूल या दोन खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढले तरी पुष्कळ काम होईल.

— एक निवृत्त मंडळ अधिकारी, चोपडा, जि. जळगाव