‘ऐक’ या शब्दापासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तू मुलांचा वर्ग हाती घेतलास आणि पहिलाच विषय ‘विश्वास आणि आज्ञापालन’ आला, हे वाचून आनंद झाला. थोडी काळजीही वाटली. हा विषय शिकवायला सोपा वाटतो आणि म्हणूनच बिघडतो. गोष्ट सांगायची, ‘म्हणून आपणही देवाची आज्ञा पाळू या’ म्हणायचं, प्रार्थना करून वर्ग सोडायचा. मुलं माना डोलावतात, कारण उत्तर त्यांना गोष्ट सुरू व्हायच्या आधीपासून पाठ असतं. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे. सवडीने वाच.

सुरुवात एका शब्दापासून कर. आपण ‘आवाज ऐकला’ म्हणतो आणि ‘पोरगं अजिबात ऐकत नाही’ असंही म्हणतो. कानाने ऐकणं आणि मान देऊन वागणं, दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद आहे. हिब्रूतही तसंच आहे. ‘शमा’ म्हणजे ऐकणं, आणि जुन्या करारात आज्ञा पाळण्यासाठी मुख्यतः हाच शब्द येतो. अनुवाद 6:4 मधलं ‘हे इस्राएला, ऐक’ ते हेच. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आज्ञा पाळण्याचा ‘हुपाकुओ’ हा शब्द ऐकण्याच्या ‘अकुओ’वरूनच झाला आहे. फळ्यावर फक्त ‘ऐकणे’ लिही आणि मुलांकडून त्या शब्दाची दहा वाक्यं करून घे. दोन्ही अर्थ ती आपणच काढतात. पहिल्या तासाला एवढं पुरे.

दुसरा शब्द ‘विश्वास’. त्याचा हिब्रू शब्द ‘एमुना’ निर्गम 17:12 मध्ये चक्क हातांसाठी आला आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात भरून येतात, अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात ‘एमुना’, म्हणजे स्थिर, राहतात. ‘आमेन’ त्याच धातूपासून आला. हे करून दाखव. सगळ्यांना हात सरळ वर धरायला लाव आणि घड्याळ लाव. काही मिनिटांतच खांदे दुखू लागतात. मग प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दोघे उभे कर आणि पुन्हा वेळ मोज. विश्वास म्हणजे मनात जोर करून आणायची भावना असते, ही मुलांची समजूत इथे आपोआप ढिली पडते. ज्याचा खांदा खरंच दुखतो त्याला आधी बसू दे; ही शर्यत होता कामा नये.

आता अब्राहाम. बहुतेक शिक्षक थेट मोरियाच्या डोंगरावर, म्हणजे उत्पत्ती 22 मध्ये देव त्याला मुलगा इसहाक अर्पण करायला सांगतो त्या प्रसंगावर जातात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. उत्पत्ती 22 समजायला आधीची पंचवीस वर्षं लागतात. त्यासाठी सात-आठ मीटर दोरी घे. एक टोक म्हणजे देवाच्या सांगण्यावरून हारान गाव सोडतानाचं त्याचं वय, 75 (उत्पत्ती 12:4). तिथून वीत-वीत अंतरावर 25 गाठी मार, दर वर्षाला एक. अकराव्या गाठीला रंगीत चिंधी बांध: अब्राम (त्याचं आधीचं नाव) 86 वर्षांचा, दासी हागारेला त्याच्यापासून इश्माएल झाला. चोविसाव्या गाठीला दुसरी: वय 99, नाव अब्राहाम झालं, आणि सारेला मुलगा होईल हे वचन ऐकून तो पालथा पडून हसला (17:17). पुढच्या अध्यायात त्याची बायको साराही हसली. पंचविसावी गाठ इसहाकाची, ज्याच्या नावाचा अर्थच ‘तो हसतो’.

मुलांना डोळे मिटून दोरी हातातून सरकवायला सांग, न बोलता. अकरा ते चोवीस हा टप्पा आला की थांबव आणि पुस्तक उघडायला लाव. सोळावा अध्याय 86 व्या वर्षी संपतो आणि सतरावा 99 व्या वर्षी सुरू होतो. लागोपाठच्या दोन ओव्यांमध्ये तेरा वर्षं गेली आणि मजकूर त्याबद्दल गप्प आहे. ‘या तेरा वर्षांत त्याला काय वाटत असेल?’ एवढाच प्रश्न विचार आणि गप्प बस. मनात सावकाश दहा अंक मोज. शांतता सहन न होऊन शिक्षकानेच उत्तर देऊन टाकणं, या वर्गात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक तीच.

मोरियाकडे जाण्याआधी अठरावा अध्यायही घे. देव नाश करणार असलेल्या सदोम शहरासाठी अब्राहाम देवाशी घासाघीस करतो, इतके नीतिमान सापडले तर वाचवशील ना: 50 नीतिमान, मग 45, 40, 30, 20, शेवटी 10. देव रागावत नाही, प्रत्येक वेळी उत्तर देतो. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं मानणाऱ्या मुलांसाठी ही ओळ सोन्याची आहे. आणि मग 22 मध्ये तोच माणूस एकही प्रश्न विचारत नाही. का? इथे मोठी मुलं खूप बोलतात, बोलू दे. ‘हिन्नेनी’, म्हणजे ‘हा मी इथे’, हा शब्द त्या अध्यायात अब्राहाम तीनदा म्हणतो: देवाला, इसहाकाला आणि दूताला. मधला विसरू नकोस. बाप मुलाच्या हाकेलाही तसाच ओ देतो. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र हा अध्याय देऊ नकोस. त्यांना वेदीवर इसहाकाऐवजी स्वतःच दिसतं आणि रात्री झोप लागत नाही. त्यांच्यासाठी नोहाचं तारू ठीक: 300 हात लांब, 50 रुंद, 30 उंच. एक हात साधारण 45 सेंटिमीटर धरला तर 135 मीटर लांबी होते, ती मैदानावर पावलांनी मोजता येते. पावसाचे दिवस 40, पण तारवातला मुक्काम एक वर्ष आणि दहा दिवसांचा, आणि त्या साऱ्या काळात नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. बुडालेल्या लोकांबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलू नकोस. माणूस निर्माण केल्याचा देवाला अनुताप झाला आणि त्याच्या मनाला खेद झाला, असं उत्पत्ती 6:6 मध्ये लिहिलं आहे, तेच वाचून दाखव.

याजक एलीच्या हाताखाली वाढणाऱ्या आणि रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या शमुवेलाची गोष्ट तू घेशीलच, ती सगळेच घेतात. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ इथे मात्र थांबू नकोस. त्या ओळीनंतर देव जे सांगतो ते एलीच्या घराण्याच्या शिक्षेबद्दल आहे. मुलगा सकाळपर्यंत पडून राहतो आणि एलीला सांगायला भितो. म्हणजे आज्ञापालनाचं पहिलं काम म्हणजे वडीलधाऱ्याला कडू सत्य सांगणं. 1 शमुवेल 3 अठराव्या ओवीपर्यंत वाचल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. दहाव्या ओवीला तोडली तर उरतो फक्त एक गोड, गुणी मुलगा.

इथेच मनातली मोठी काळजी सांगतो. बायबलच्या गोष्टी मुलांना धाकात ठेवायला वापरता येतात, आणि वापरल्याही जातात. ‘देवाचं ऐक’ हळूच ‘माझं ऐक’ होतं. म्हणून शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी तुझ्या यादीत हव्यातच. फारोने मुलगे मारण्याची आज्ञा दिली आणि त्यांनी ती मोडली, कारण त्या देवाला भीत होत्या (निर्गम 1). प्रेषितांची कृत्ये 5:29 सोबत वाच: मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. इफिसकरांस 6:1 (मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा) शिकवशील त्याच दिवशी 6:4 ही शिकव. मुलांना चिरडीस आणू नका, हे बापांना सांगितलेलं आहे. आणि मुलांना साध्या शब्दांत सांग की कुणी मोठा माणूस, वर्गातला शिक्षकसुद्धा, लपवून ठेवायला सांगेल किंवा नकोसा स्पर्श करेल, तर तिथे ‘नाही’ म्हणणं आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगणं हे आज्ञाभंग नव्हे. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असू देत आणि दार उघडं असू दे.

दुसरी काळजी सौद्याची. ‘आज्ञा पाळली की देव देतो’ असं शिकलेलं मूल घरात आजारपण आलं की स्वतःला दोष देतं: माझा विश्वास कमी पडला. त्यावर दानीएल 3:17-18 घे. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. मग त्यांना टाकलेली अग्नीची भट्टी, तिच्यात त्यांच्यासोबत दिसलेला चौथा पुरुष हे सगळं मुलांना आवडतं, पण वेळ ‘नाही तरीही’ या शब्दांवर घालव. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्या मुलाला गटासमोर प्रश्न करू नकोस. त्याच्यासाठी मार्क 9:24 मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप आहे: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य करा. येशू त्याला परत पाठवत नाही.

विश्वास आधी की आज्ञापालन आधी, हा प्रश्न मोठी मुलं हमखास काढतात. नामानाची गोष्ट (2 राजे 5) बघ. कुष्ठरोग झालेला, रागावलेला सेनापती, बरं होण्यासाठी संदेष्ट्याने सांगितलेल्या यार्देन नदीतल्या सात बुचकळ्या, आणि तो तयार होतो ते चाकरांनी समजावल्यामुळे. पूर्ण विश्वास बसल्यावर तो नदीत उतरतो असं कुठेही नाही. लूक 17 मधले दहा कुष्ठरोगीही येशूच्या सांगण्यावरून आधी निघाले आणि वाटेने जाता जाता शुद्ध झाले.

तासाची मांडणी अशी ठेव: 45 मिनिटांत दहा मिनिटं वाचन, ते मुलांनीच मोठ्याने करायचं. उपशीर्षकं नसलेला मजकूर लिहून दे, कारण ‘अब्राहामाची परीक्षा’ असं वर छापलेलं असलं की उत्तर आधीच फुटतं. मग वीस मिनिटं प्रश्न: काय घडलं, काय सांगितलेलं नाही, ‘नाही’ कोण म्हणू शकलं असतं, पाळण्याची किंमत कुणी मोजली. उरलेल्या वेळात दोरी, हात, मैदान असं काहीतरी करण्याचं. गट सहा ते आठ जणांचा असावा. बारा झाले की चौघेच बोलतात.

योना, म्हणजे देवाची आज्ञा टाळून पळालेल्या संदेष्ट्याचं पुस्तक, शेवटच्या आठवड्यासाठी ठेव. चार अध्याय, 48 ओव्या, एका बैठकीत पुऱ्या होतात. त्याला गिळणारा मासा दुसऱ्याच अध्यायात संपतो, तेव्हा चौथ्यासाठी वेळ राखून ठेव. पुस्तक निनवे शहराबद्दलच्या देवाच्या प्रश्नावर थांबतं: उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर दिलेलं नाही. ते मुलांना कागदावर लिहायला दे आणि कागद त्यांच्याकडेच राहू दे.

तुझाच,
मित्र