मनू, तो सेन्सर ड्रॉवरमधून बाहेर काढ

मनू,

काल फोन तू ठेवलास की कट झाला मला माहीत नाही, ठेवला असशील तरी ठीक आहे. पण शेवटी त्या चोर-अलार्मच्या, हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल जे बोललीस ना, "काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय, आता शांत झोप लागते", ते काही डोक्यातून जात नाहीये. तुला लागत असेल झोप, मला लागली नाही. म्हणून लिहितेय, भांडायला नाही. फोनवर मी सुरू केलं की तू "हो गं आई हो" करतेस आणि विषय तिथेच संपतो, लिहिलेलं निदान कधीतरी वाचशील.

का काढलास ते कळतंय मला. रात्री अडीचला सायरन, शेजारचे जागे, तू घाबरलेली आणि घरात कुणीच नाही. असं परत परत झालं की कुणीही वैतागेल. पण तळमजल्याचं घर आहे, मागचं दार बोळात उघडतं आणि तू एकटी राहतेस. हे फोनवर बोलून झालंय, आता परत नाही बोलणार.

तू फोटो पाठवला होतास तो मोठा करकरून बघितला. आधी एक सांगते, ब्रॅकेट तू स्वतः ड्रिल मारून लावलास आणि भोकं इतकी सरळ आली की बाबांनी तो फोटो रमेशकाकांना पण दाखवला. हे तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. असो. काम चांगलं आहे, जागा मात्र बदलायला हवी.

त्या डबीत कॅमेरा वगैरे काही नसतो. आपल्या अंगातून जी उष्णता इन्फ्रारेड होऊन बाहेर पडते ती तो बघतो. समोरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या लेन्सने खोलीचे पट्टे पाडलेले असतात, गरम काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की तो म्हणतो कुणीतरी आलं. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस पटकन सापडतो आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. तू लावलायस बरोब्बर मागच्या दारासमोर, म्हणजे दारातून आत येणारा सरळ त्याच्याकडेच चालत येणार! बाजूच्या कोपऱ्यात घे, जमिनीपासून ७ ते ८ फुटांवर, म्हणजे दारातून येणारा त्याला आडवा जाईल. खिडकीकडे तोंड नको. काचेतून त्याला बाहेरचा माणूस दिसत नाही, पण ऊन आत आलं आणि ढगामागे गेलं की जमीन तापते-निवते आणि तो फसतो. आणि आत्ता समोर एसी आहे, गार झोत आला की पडदा हलतो, तेही त्याला चालत नाही.

पण माझा खरा संशय बोक्यावर आहे. खोक्यावर पाळीव प्राण्यांना चालतो असं लिहिलंय ते खरं, पण प्राणी जमिनीवर असेल तर. तुझा तो साहेब रात्री पुस्तकांच्या रॅकवर चढतो हे तूच मला कौतुकाने सांगितलंयस, आणि रॅक सेन्सरच्या अगदी पुढ्यात. इतक्या जवळून मांजर आणि माणूस त्याला सारखेच. रॅक हलव किंवा सेन्सर, बोका काही ऐकणार नाही.

आणि तरीही वाजायला लागला तर मागच्या दाराला मॅग्नेटवाला छोटा सेन्सर बसव, दार उघडलं तरच वाजतो, मांजराशी त्याला देणंघेणं नाही. रात्री ॲपमध्ये नाइट मोड ठेवून फक्त दाराचा चालू ठेव आणि बाहेर जाताना दोन्ही. मला तर हाच मार्ग जास्त पटतो. पण काहीतरी चालू ठेव गं. ड्रॉवरमध्ये ठेवून तो कुणाला पकडणार आहे?

तुला आठवतं का, बाबा नाइटला असायचे तेव्हा आपण दोघी दाराला खुर्ची टेकवायचो आणि खुर्चीच्या अगदी कडेला स्टीलचा पेला ठेवायचो. तू इतकुशी होतीस, पेला कुठे ठेवायचा ते तूच ठरवायचीस, आत ठेवला की पडत नाही हे तू हलवून हलवून शोधून काढलं होतंस. मग म्हणायचीस, "वाजला तर तू उठू नकोस आई, मी बघते." मी उशीत तोंड घालून हसायचे, आणि तू झोपलीस की उठून कडी परत एकदा बघायचे. आता बघायला मी तिथे नाही ना, म्हणून हे सगळं. नाहीतर तुला अक्कल नाही असं मला कधीच वाटलं नाही, तुझ्या वयात मी एकटी एक रात्र राहिले नव्हते.

बरं, परत लावलास की मागचं झाकण नीट बसव, आत टॅम्परचं, म्हणजे कुणी झाकण उघडलं तर कळवणारं बटण असतं, ते सैल राहिलं की उगाच अलार्म येतो. बॅटरी घातल्यावर मिनिटभर समोरून बाजूला हो, त्याला खोलीची सवय व्हावी लागते. मग वॉक टेस्ट लावून सगळीकडे चालून बघ. टेस्ट मोडशिवाय चाललीस तर एकदा दिवा लागतो आणि मग मिनिट-दोन मिनिटं गप्प बसतो, बॅटरी वाचवायला झोपतो तो, तुला वाटेल बिघडला. लेन्स कोरड्या मऊ कापडाने पूस, स्प्रे मारू नकोस. कोळी जाळं करतात तिथे, कोळी लेन्सवरून चालला तरी वाजू शकतो. बॅटरी सीआर१२३ए आहे, ३ व्होल्टची लिथियम, लो बॅटरीचा मेसेज आला की बदल, "अजून चालतोय" म्हणून महिने काढू नकोस. हब, म्हणजे सेन्सरचा सिग्नल घेणारा तो मुख्य डबा, फ्रिजच्या मागे असेल तर पुढे घे, लोखंडामागे सिग्नल मरतो. कडक उन्हाळ्यात खोलीच अंगाइतकी तापली तर त्याला माणूस नीट ओळखू येत नाही, तेव्हा परत एकदा टेस्ट घे. आणि ॲपचा पासवर्ड बदललास का? खोक्यातून आला तोच ठेवला नाहीस ना?

झालं, लेक्चर दिलंच. सॉरी. आयुष्यभर प्लान्टमध्ये सेन्सरच बघितले, सुरू झाले की थांबता येत नाही. प्लान्टमध्येही हेच व्हायचं, अलार्म फार वाजतो म्हणून कुणीतरी बंद करून ठेवायचं आणि मग कुणाच्या लक्षातच राहायचं नाही की तो बंद आहे. बंद करायला हरकत नसते कधीकधी, पण का वाजला ते शोधायचं आणि परत चालू करायचा.

तू काही प्लान्ट नाहीस, माहितेय मला.

चोर येईलच असं मी म्हणत नाहीये. बाबा म्हणतात तू उगाच पोरीला घाबरवतेस, आणि स्वतः काल दोनदा विचारून गेले, काय म्हणाली, लावला का. त्यांनाच फोन करायला सांगते तर म्हणतात तूच कर, ती माझ्यावर चिडेल.

ॲपमध्ये इव्हेंटची लिस्ट असते, कितीला वाजला, कुठला सेन्सर, ती स्क्रीनशॉट काढून पाठव. अडीचच्या आसपासच सगळे असले तर तो बोकाच, आणि दुपारचेही असले तर ऊन. नवीन जागेचा फोटो पण पाठव, भोकं पाडायच्या आधी. लावलास की मेसेज टाक, नुसतं "लावला" लिही, बाकी काही नको. रोज विचारणार नाही मी. उद्या विचारेन फक्त.

आई