पोस्टरवर क्लारा बोचं नाव आधी

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या फिल्म क्लबात यंदा एक मूकपट लावायचाय, कोणता लावू, असं विचारलंस. डोळे झाकून ‘इट’ लाव. 1927 चा, पॅरामाउंट या हॉलिवूडच्या कंपनीचा, दिग्दर्शक क्लॅरेन्स बॅजर. जेमतेम सव्वा तासाचा आहे. अमेरिकेत 2023 पासून त्याचा कॉपीराइटही संपलाय.

गोष्ट साधी. मोठ्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बेट्टी लू मालकाच्या प्रेमात पडते आणि त्याला मिळवायचं ठरवते. मधे गैरसमज, शेवटी बोटीवर उलगडा. पण क्लारा बो ती अशी काही साकारते की आपण गोष्ट विसरून तिच्याकडेच बघत राहतो. रिट्झ या बड्या हॉटेलात जेवायला जायचंय आणि अंगावर घालायला धड काही नाही, तो प्रसंग नीट बघ. कामावरचाच काळा पोशाख अंगावर असताना मैत्रीण त्याला कात्री लावते, कॉलर जाते, गळा उतरतो आणि बघता बघता संध्याकाळचा झगा तयार! त्यात गरिबीचं रडगाणं कुठेच नाही, नुसती धमाल आणि हिंमत. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या हलाखीत वाढलेल्या क्लाराला हे कुणी शिकवावं लागलं नसणार. 1921 साली एका मासिकाच्या स्पर्धेत जिंकून ती सिनेमात आली होती.

आणि ते बाळ! आजारी मैत्रिणीचं तान्हं बाळ समाजसेविका घेऊन जाऊ नयेत म्हणून बेट्टी बेधडक सांगते, ‘बाळ माझं आहे.’ विनोदी चित्रपटात हा प्रसंग आला की मला दरवेळी भरून येतं.

आता जाहिरातीचं. त्या काळी सगळा गाजावाजा झाला तो एलिनॉर ग्लिन या लेखिकेचा आणि ‘इट’ म्हणजे माणसातली जादुई ओढ, या तिच्या कल्पनेचा. ती स्वतः चित्रपटात येऊन रिट्झमध्ये त्याची व्याख्याही सांगते. क्लाराला ‘इट गर्ल’ हे बिरुद चिकटलं ते कायमचंच. लोकांना वाटलं, हिला हे उपजतच आहे, अभिनय काय करायचाय! मला हा तिच्यावरचा अन्याय वाटतो. डोळे, खांदे, चालणं, सगळं ती किती नेमकं वापरते! शब्द नसताना प्रेक्षक हसवणं हे कसबच आहे. म्हणून तुझ्या पोस्टरवर ‘अभिनय : क्लारा बो’ मोठ्या अक्षरांत येऊ दे, बिरुद नंतर. पुढे मोठा नट झालेला गॅरी कूपर बातमीदाराच्या चिमुकल्या भूमिकेत दिसतो, पण त्याच्या नावावर गर्दी जमवू नकोस.

हा चित्रपट कित्येक वर्षं हरवल्यातच जमा होता. पुढे 1960 च्या दशकात प्रागमध्ये त्याची प्रत सापडली. हे सुरुवातीच्या दोन शब्दांत जरूर सांग.

मधल्या इंग्रजी पाट्या कुणीतरी मराठीत मोठ्यानं वाचाव्यात, आपल्याकडे मूकपटांच्या खेळांना वाचत तशा. आजी-आजोबाही येतील मग. भाषांतर मी करून देतो. तारीख तेवढी लवकर कळव.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना आशीर्वाद.

तुझा,
मकरंद